उंच काठाची थाळी

तुमचं जेवण झालं असेल तर घटकाभर बसा. मी मढच्या दशरथ नाखव्याची थाळी. स्टीलची, खोलगट, वीतभर रुंद आणि दोन बोटं उंच काठाची. माझ्या पाठीवर काहीतरी कोरलेलं आहे. मला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी आपली पाठ आपल्याला कुठली दिसायला! पण त्या अक्षरांनी काय काय केलं ते सगळं माझ्या लक्षात आहे. तेच सांगते.

जन्म माझा भाईंदरचा. पत्र्याच्या शेडमध्ये प्रेसचा दणका बसला आणि मी खाली पडले. त्या दिवशी साच्यात काही गडबड झाली होती म्हणे. आमचा तो सगळा घाणाच जास्त खोल निघाला. मालक मला बोटावर फिरवत म्हणाला, "ही थाळी म्हणायची का परात?" पुढे अंधेरीला, स्टेशनजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात, सगळ्यांत खालच्या फळीवर आम्ही जाऊन पडलो. वरच्या सपाट, चकचकीत थाळ्या लग्नांत गेल्या, वास्तुशांतीला गेल्या. आमच्यावर धूळ बसली. गिऱ्हाईक वाकून बघायचं आणि सरळ व्हायचं.

मग एक दिवस नंदा आली. मढहून तरीनं, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीनं, वर्सोवा, तिथून बसनं अंधेरी. डोक्यात अबोलीचा वळेसर, आणि पायातल्या चपला दुकानाबाहेर काढलेल्या, देवळात आल्यासारख्या.

"नवी होडी पाण्यात जाते हाय," ती दुकानदाराला म्हणाली. "सा मान्सं जेवनार. होडीवर चालतील अशा थाळ्या दाव."

दुकानदारानं काचेचा संच काढला. कडेला निळी फुलं.

"शेठ, ह्यो पयल्याच लाटंला फुटंल. मंग काचा भातात गावतील."

मग त्यानं मेलामाईनच्या हलक्या थाळ्या पुढे केल्या. तिनं नखानं टकटक केलं. "वाऱ्यानं उडतील. आन बोंबलाचा वास एकदा शिरला का मरेस्तवर जायाचा नाय."

"मग ही घ्या खणांची. आमटी इथं, भाजी इथं, गोड इथं."

"होडी कलंडली का आमटी भाजीकडं पाव्हनी जाते. आमाला खन नको. भात, त्याच्यावर कालवन, बस."

शेवटी नंदानं पाणी मागितलं. दुकानदाराला वाटलं, तहान लागली. तिनं तांब्या घेतला, साध्या सपाट थाळीत पाणी ओतलं, खाली फरशीवर मांडी घातली आणि थाळी गुडघ्यावर ठेवून लागली डुलायला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सगळं पाणी दुकानात.

"अहो बाई, थाळी घेताय का घोडा?"

"घोडाच समजा. पाठीवर भात घेऊन पलनारा."

डुलता डुलता तिची नजर खालच्या फळीवर गेली. तिनं मला ओढून काढलं, पदरानं पुसलं, पाणी घातलं आणि गुडघा हलवला. पाणी माझ्या काठापर्यंत आलं, थांबलं आणि परत गेलं. एक थेंब सांडला नाही. तिनं मला एका हातात धरून बघितलं. वळवलेल्या काठात तिचा अंगठा अगदी अडकून बसला. दुसरा हात मोकळा. होडीवर एक हात मोकळा लागतो हो, कशाला तरी धरायला.

"ह्याच. सा दे."

मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की मी बिघडलेली नव्हते. मी चुकीच्या ठिकाणी होते.

दुकानाच्या दारात नाव घालणारे म्हातारेबुवा बसत. चष्मा नाकावर, हातात किर्रर्र करणारं यंत्र. त्यांच्यापुढे कुणाच्या तरी वर्षश्राद्धाला वाटायच्या पेल्यांची मोठी थप्पी होती आणि सकाळपासून ते एकच ओळ कोरत होते. नंदानं पाच थाळ्या पुढे केल्या. "ह्यांच्यावर होडीचं नाव घाला, शेवंती." शेवंती म्हणजे दशरथची वारलेली आई. ते घालून झालं. मग तिनं मला दिलं आणि जरा लाजली.

"हिच्यावर येगलं लिवा. माज्या घरवाल्याची हाय, दशरथची. त्याला आमची आठवन राहू दे, असं कायतरी लिवा. खाली नंदा."

यंत्र चालूच होतं. म्हाताऱ्यांच्या कानात त्यातलं दशरथ शिरलं, आठवण शिरलं आणि नंदा शिरलं. त्यांनी मान डोलावली. हाताला वळण लागलेलंच होतं. मला पालथं घातलं आणि कोरलं. बाकीच्या जणींपेक्षा मला जास्त वेळ लागला. गुदगुल्या झाल्या, थोडं दुखलंही.

नंदानं अक्षरांवरून बोट फिरवलं. शाळेचं तोंड तिनं कधी बघितलं नव्हतं. "अक्षर साजरं काडलंय," म्हणाली आणि आम्हाला पिशवीत घातलं.

शेवंती होडी नवी कोरी होती. रंगाचा वास जायचा होता. किनारा लांब गेला, इंजिनाचा ठोका एका लयीत पडायला लागला आणि खालचं सगळं जग हलायला लागलं, तेव्हा मला जे वाटलं ते कसं सांगू? पाळण्यात घातलेलं बाळ काही सांगतं का?

दशरथ तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. रांधायचं काम दादूकडे. दादू सातवी शिकलेला, होडीवर वाचता येणारा तो एकटाच. पहिल्या दिवशी सगळे जेवले आणि दादू आम्हाला घेऊन काठावर धुवायला बसला. मला पालथं केलं आणि त्याचा हात थांबला. दोनदा ओठ हलवले. उठला, मला छातीशी धरून केबिनपाशी गेला आणि दशरथच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. इंजिनाच्या धडधडीत मला काही ऐकू आलं नाही. एवढंच बघितलं, की दादूनं मला पाण्यात भिरकावायला हात मागे नेला आणि दशरथनं मनगट धरलं. मग दशरथ असा हसला, असा हसला, की जाळं ओढणारी माणसं वळून बघायला लागली.

त्या दिवसापासून मला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम झाला. जेवायला बसताना दशरथ मला होडीच्या काठावर तीनदा आपटायचा, ठण ठण ठण, आणि पाण्याकडे बघून डोळा मारायचा. का, ते मला ठाऊक नव्हतं. पण लाडकं असणं कुणाला नको असतं?

काय दिवस होते ते! गरम भात, वर मांदेलीचं कालवण. होडी कलली की कालवण माझ्या काठाला येऊन टेकायचं, दशरथ तेवढ्यात घास उचलायचा. खाऱ्या पाण्यात आंघोळ, मग चूळभर गोडं पाणी. झोपायला जाळीची पिशवी, रात्रभर झोका. एकदा होडीत पाणी शिरलं तेव्हा आम्ही सहाही जणींनी पाणी उपसलं. शेजारच्या होडीला हाक ऐकू जाईना तेव्हा दशरथनं मला उन्हात धरून चमकवलं आणि त्यांना बोलावलं. दुकानातल्या त्या सपाट थाळ्यांना हे कुठलं सांगून कळणार?

असे तीन हंगाम गेले.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात, वर ताडपत्री घालतात आणि भांडीकुंडी घरी येतात. तिसऱ्या हंगामानंतर घरी आले तेव्हा दशरथची पोर उत्तरा आठ वर्षांची झाली होती. तिला वाचता यायला लागलं होतं आणि ती दिसेल ते वाचत सुटली होती. बसची पाटी, रॉकेलचा डबा, देवळातली बाकडी. एका दुपारी नंदानं तिला आम्हाला घासायला बसवलं. पाच जणींच्या पाठीवर तिनं "शेवंती, शेवंती" असं गाणं म्हटलं. मग माझी पाळी आली.

"द-श-र-थ. यां-च्या. स्म... स्म-र-णा-र्थ. नं-दा." जोडाक्षराला ती अडखळली. अर्थ कळला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती थेट माझ्याकडे. तोंड पांढरं पडलेलं. बाईंना विचारलं होतं तिनं. बाई म्हणाल्या होत्या, "देवळातल्या बाकड्यावर असतं ना गं, तसं. गेलेल्या माणसाची आठवण म्हणून लिहितात."

पोरीनं मला मोरीत नेलं आणि दगडानं घासलं. खिळ्यानं खरवडलं. अक्षरं जाईनात. आईला सांगावं तर आईच्याच हातची भेट. बापाला सांगावं तर तोंडातून तो शब्द काढावा लागणार, आणि काढला की तो खरा होणार, असं तिच्या एवढ्याशा डोक्यात बसलं. तिनं मला जुन्या गणवेशाच्या झग्यात गुंडाळलं आणि आपल्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी ठेवलं. वर वह्या, वर रंगीत खडे.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या. पेटीत पडल्या पडल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"माजी थाली खय हाय?" दशरथ ओरडत होता. घर पालथं घातलं, होडी पालथी घातली. नंदा म्हणाली, "दुसरी घे ना, पाच हायत." तो ऐकेना. मग त्याला काय आठवलं कोण जाणे, तो तडक दादूच्या दारात गेला. आमची घरं भिंतीला भिंत लावून. शब्द न् शब्द येत होता.

"तूच फेकलीस दर्यात! तवाच फेकनार व्हतास!"

"आईच्यान नाय, नाखवा. मी हातबी नाय लावला."

"खोटं बोलतंस. चोर हायस तू!"

चोर हा शब्द दादूनं ऐकून घेतला नाही. त्यानं होडी सोडली. पुढची सगळी वर्षं किनाऱ्यावर बसून लोकांची जाळी विणली, पण शेवंतीवर पाय ठेवला नाही आणि दशरथशी एक शब्द बोलला नाही. उत्तरा पेटीवर बसून होती. पण पोर बोलली नाही. बाप जिवंत परत येतोय ना प्रत्येक वेळी? मग थाळी लपवली तेच बरं झालं.

तो यायचा परत. पण पूर्वीसारखा हसत नाही, असं नंदा म्हणायची.

पोरी मोठ्या होतात आणि पेट्या त्यांच्याबरोबर जातात. उत्तरा शिकली, अंधेरीत ऑफिसला लागली, अनिरुद्ध नावाच्या चांगल्या मुलाशी लग्न करून बोरिवलीला गेली. पेटीही गेली. तिसऱ्या मजल्यावर, बाथरूमवरच्या माळ्यावर.

तिथं मी अठरा वर्षं काढली. खाली काहीच हलायचं नाही. ज्या थाळीनं समुद्रावर रात्री काढल्यात तिला सपाट जागी झोप लागत नाही, खरं सांगते. कुकरची शिट्टी व्हायची, मिक्सर गरगरायचा, लिफ्टचं दार लावा म्हणून यंत्रातली बाई दिवसभर ओरडायची. मी कान देऊन बसायची ते इंजिनाच्या ठोक्यासाठी. कधी पाण्याची टाकी भरून वाहिली तर तेवढ्या आवाजावर दिवस काढायचा. एकदा माळा आवरताना अनिरुद्धनं गुंडाळी हातात घेतली. "हे काय गं?" उत्तरा म्हणाली, "असू दे. ते माझं आहे." तिनं मला परत आत सरकवलं. मला राग नव्हता तिचा. तिनं मला बापासाठीच तर कोंडलं होतं. पण मीठ आठवायचं हो. नुसतं मीठ.

मागच्या वर्षी शेवंती मोडीत गेली. दशरथ सत्तरी ओलांडून घरी बसला. आणि गंमत बघा, होडी थांबली आणि त्याचा हात डुलायला लागला. उजवा हात. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, औषध चालू राहू दे. भाताचा घास तोंडाशी जाईतो अर्धा मांडीवर. ताटाला हात लागला की कालवण चटईवर. नंदा भरवायला गेली तर त्यानं तोंड फिरवलं. सहा माणसांचा नाखवा तो. "भूक नाय," म्हणायला लागला. उत्तरा घरात सांगायची, ते मला माळ्यावर ऐकू यायचं.

नंदाचा फोन आला. "उत्तरा, बाबा जेवत नाय गो. हाडं दिसाया लागली."

उत्तरा लागली थाळ्या शोधायला. खाली रबर बसवलेल्या, जमिनीला चिकटणाऱ्या. लहान मुलांच्या, अस्वलाचं तोंड काढलेल्या. जाड चिनी मातीचे वाडगे. दर रविवारी एक नवी पिशवी घेऊन ती मढला जायची आणि उतरल्या तोंडानं परत यायची.

"ह्यो अस्वल माज्याकडं बघून हसतंय," बाप म्हणाला होता. "मना बालवाडीत घाला आता."

एका रविवारी परत आली ती स्वयंपाकघरात पाय मुडपून खालीच बसली. समोर त्या सगळ्या थाळ्या. मग शिडी लावली.

झगा सोडला तेव्हा तिनं आधी माझी पाठ बघितली. अक्षरं होती तशीच. मला आत ठेवून बाप उपाशी, मला बाहेर काढलं तर सगळं सांगावं लागणार. दादूचंसुद्धा. ती रडली थोडी. मग मला राखेनं घासलं, आईनं शिकवलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी. वर्सोव्याच्या धक्क्यावरून तरीची होडी निघाली आणि पिशवीत मला पहिला हेलकावा लागला. पाच मिनिटांची ती खाडी. पण मी पिशवीतच ठण्णकन वाजले. शेजारच्या बाईनं वळून बघितलं.

दुपारी नंदानं भात वाढला, वर बोंबलाचं कालवण, आणि उत्तरानं मला बापापुढे ठेवलं. दशरथनं खाली बघितलं नाही, सवयीनं नुसता डावा हात पुढे केला. अंगठा माझ्या वळवलेल्या काठात गेला. आणि अडकला.

मग त्यानं मला उचलून मांडीवर घेतलं. उजवा हात थरथरत आला. कालवण काठापर्यंत आलं, थांबलं, परत गेलं. आम्हा दोघांना ते जमत होतं अजून. एक घास. दुसरा. नंदा पदर तोंडाला लावून बघत राहिली. सगळा भात संपला तेव्हा त्यानं बोटं चाटली आणि विचारलं,

"खय व्हती?"

उत्तरानं सगळं सांगितलं. शाळेतल्या बाई, खिळा, पेटी, माळा. "बाबा, तुम्ही जाल अशी भीती वाटली मला. आणि दादूकाकांना तुम्ही चोर म्हणालात तेव्हा मी पेटीवर बसले होते."

दशरथनं माझ्या पाठीवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाला, "मना ठाव व्हतं गो, काय लिवलंय ते."

"काय?"

"पयल्याच दिवशी दादूनं वाचलं. घाबरला, फेकाया निंगाला. मी म्हनलं, येड्या, बरंच हाय. दर्या बघंल आन म्हनंल, ह्यो तर आदीच गेलाय, ह्याला परत कशाला न्यायचा? म्हनून ठोकायचो मी तीन वेला. बघ बाबा, मी मेलेला हाय." तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. "थाली गेली, तवापासून परत्येक खेपंला जीव मुठीत धरून गेलो मी. तुज्या आयेला बोललो नाय. तिनं हौसेनं आनलेली."

म्हणजे बघा. पोरीनं बापासाठी मला लपवलं, आणि बाप माझ्याच आधारावर समुद्रात जात होता. पोरीचं मला ठाऊक होतं, बापाचं नव्हतं. मी आपली लाडकी म्हणून मिरवत होते.

"मी काय आनलेली? काय लिवलंय तिच्यावर?" नंदानं विचारलं.

दशरथ म्हणाला, "दादूला बोलव."

दादू आला, पण उंबऱ्याच्या आत येईना. केस सगळे पिकलेले, बोटांना जाळं विणून घट्टे. उत्तरा त्याच्या पाया पडायला वाकली आणि म्हणाली, "थाळी मी घेतली होती, काका." त्यानं तिला खांद्याला धरून उठवलं. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मंग नाखव्याच्या तोंडानं ऐकू दे. मी चोर नाय."

"तू चोर नायस, दादू," दशरथ म्हणाला. "मी गाढव."

"ते मना आदीपासून ठाव हाय," दादू म्हणाला आणि आत आला. "थाली दे हिकडं." मला पालथं करून त्यानं डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं, "दशरथ यांच्या स्मरणार्थ. नंदा. अजून दिसतंय र! पक्कं काम हाय."

नंदानं कपाळावर हात मारून घेतला. "मेल्या म्हाताऱ्यानं काय लिवून ठेवलं! मी सांगितलं व्हतं, त्याला आमची आठवन राहू दे."

"राह्यली की," दशरथ म्हणाला.

मग त्यानं एक गोष्ट केली, जी होडीवर कधी कुणाला करू दिली नव्हती. नंदाला माझ्यात भात वाढायला लावला आणि मला दादूपुढे सरकवलं. दादू माझ्यात जेवला. सावकाश, एकही शीत न टाकता.

आता मी मढलाच असते, खिडकीपाशी. दोन्ही वेळा दशरथ माझ्यात जेवतो. दुपारी दादू येतो, दोघं भांडतात, कुठल्या साली कुठं किती वाव पाणी होतं त्यावरून. खिडकीतून समुद्र ऐकू येतो, पण दिसत नाही. भरती असली की माझ्या अंगात अजून काहीतरी हलतं. माझ्या पाच बहिणी होडीबरोबरच गेल्या कुठं तरी. त्यांची आठवण येते.

एक मागणं आहे. उत्तरा ऐकत असेल तर तिच्यासाठी. माझ्या पाठीवरचं एक दिवस खरं होईल, आज ना उद्या. तेव्हा मला पेटीत ठेवू नको. हार घातलेल्या फोटोखाली तर अजिबात नको. मला कुठल्याही चालत्या होडीवर देऊन टाक. तिथं कुणी मला पालथं करून वाचलं आणि घाबरून विचारलं, की हा दशरथ कोण, कुठं असतो, तर त्यांना सांग, इथंच आहे, जेवायला बसलाय. आणि मला काठावर तीनदा आपटायला सांग.